सातशे रुपयांचा शेअर

१

मालाला कुणी कमी भाव दिला तर माणूस भांडतो, आणि जास्त दिला तर मुकाट्याने खिशात घालून देवापुढे नारळ फोडतो. कौसल्याबाई भोयर यांना दुप्पट भाव आला, आणि त्या नारळबिरळ न फोडता तडक चारुलता गजभियेच्या ऑफिसात येऊन बसल्या.

बुधवारची दुपार होती. नागपुरात डिसेंबरचं विधिमंडळाचं अधिवेशन चालू, अर्धे रस्ते बंद, त्यामुळे नंदनवनहून येता येता बाईंना दोन ऑटो बदलावे लागले होते. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि पिशवीतून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, हे वाचा. मले तर भेव वाटून राहिलं."

चारुलता कंपन्यांचं मूल्य काढायचं काम करायची. सरकारदरबारी नोंदलेली, बावीस वर्षं त्यात घासलेली. स्वभाव असा की भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी ही जुडी उलटून पाही. तिने पत्र वाचलं, परत वाचलं, आणि तिला भर डिसेंबरात घाम फुटला.

प्रकरण असं होतं. लकडगंजात भोयर-निखारे टिंबर नावाची एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. गोविंदराव भोयर आणि गणपतराव निखारे या दोन मित्रांनी पस्तीस वर्षांपूर्वी काढलेली. लाकूड कापायचं एक आरा मशीन, मागे लाकडाचं यार्ड, वीसेक माणसं. शेअर सगळे मिळून चाळीस हजार. गोविंदराव दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेले आणि त्यांचे दहा हजार शेअर कौसल्याबाईंच्या नावावर झाले. बाकीचे बहुतेक गणपतरावांकडे. बाईंना आता आपले शेअर विकायचे होते, कारण त्यांची मुलगी सोनिका डॉक्टर झाली होती आणि तिला दवाखाना टाकायचा होता.

पंधरा दिवसांपूर्वी एका वकिलाचं पत्र आलं. रायपूरची एक पार्टी, नाव गुप्त, शेअरला साडेतीनशे रुपये द्यायला तयार. भाव बरोबर आहे का हे पाहायला बाईंनी चारुलताला नेमलं. तिने कंपनीची कागदपत्रं चाळून पहिला अंदाज काढला : तीनशे दहा. म्हणजे साडेतीनशे वाईट नव्हते. तरी सोमवारी कंपनीच्या ऑफिसात बसून तिने सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "शेवटचा आकडा असा देणार नाही. या वेळी मागची सागाची थप्पी मोडायची आणि एकेक लट्ठा फीत लावून मोजायचा. शनिवारी माणसं द्या."

आणि आज हे पत्र. भाव साडेतीनशेवरून एकदम सातशे. अट एकच. मोजणी नाही, मूल्यांकन नाही, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कंपनीच्या ऑफिसात येऊन सही.

"सत्तर लाख होतात मॅडम," कौसल्याबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "सोनिकानं तर मेडिकल चौकापाशी जागाबी पाहून ठेवली. तिच्या शिक्षणापायी यायनं, सोनिकाच्या बाबानं, पारशिवनीचं पाच एकर वावर इकलं होतं. आता माह्याजवळ हे शेअरच आहेत, दुसरं काही नाही. इकू का नको, तेवढं सांगा."

"सोमवारी मी बोलले तेव्हा तिथे कोण कोण होतं, आठवतं?"

"गणपतभाऊजी होते. त्याईचा जितेंद्र होता. आन देवराव चहा घेऊन आले होते."

तीन माणसं. चारुलताने पत्राची घडी घातली. तीनशे दहाच्या वस्तूला सातशे देणारा एक तर मूर्ख असतो, नाहीतर त्याला असं काही ठाऊक असतं जे आपल्याला नाही. आणि लकडगंजात मूर्ख माणसाचं दुकान सहा महिन्यांच्या वर टिकत नाही.

"ताई, शुक्रवारी पाचपर्यंत सही करू नका," ती म्हणाली. "मला दोन दिवस द्या."

२

एखाद्या छोट्या कंपनीचा शेअर खरा किती रुपयांचा, हे काढणं म्हणजे मुलगी द्यायच्या आधी घर पाहणं. पाहुण्यांसाठी बैठक सजवलेली असतेच. आपण डोकवायचं ते स्वयंपाकघरात. कंपनी चालू ठेवली तर दर वर्षी हातात काय पडेल, आणि उद्या बंद केली तर विकून काय उरेल, या दोन्हींचा मेळ घालायचा. या कंपनीत आरा मशीन म्हातारं होतं. जागा भाड्याची होती, म्हणजे जमिनीत काही दडलेलं असण्याचा प्रश्न नव्हता. धंदा जेमतेम. तीनशे दहातले सव्वादोनशे रुपये एकट्या त्या सागाच्या थप्पीचे होते : एकशे चाळीस लट्ठे म्हणजे ओंडके, जुना जंगली साग, नव्वद लाखांचा माल.

मग सातशे कशाचे? गुरुवारी सकाळी यार्डाच्या फाटकातून आत शिरताना चारुलताच्या डोक्यात हाच किडा वळवळत होता. त्या थप्पीत सागाहून महाग काहीतरी असलं पाहिजे. असं तिने मनाशी पक्कंच करून टाकलं होतं.

देवराव यार्डाचा मोजणीदार. तीस वर्षं त्याने लाकडाचा घेर मोजण्यात घालवली होती. तो एका सागाच्या चकतीवर बसून बिडी ओढत होता. तिला पाहताच बिडी विझवून उठला.

"या मॅडम, बसा," म्हणत त्याने तीच चकती पुढे सरकवली. चकती केंद्रापासून सालीपर्यंत आरपार फाटलेली होती, भाकरीतून एक कोर मोडून घ्यावी तशी.

"ही अशी कशी फाटली हो, देवरावजी?"

"पातळ कापली का फाटतेच ते. लाकूड वाळते, आकसते. लट्ठा असला तं मागचं अंग त्याले धरून ठेवते, मंग तोंडावर नुसत्या बारीक चिरा पडतात. चकतीले धराले मागं कोनीच नाही राहत." मग तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, "चकती फाटते मॅडम, लट्ठा फक्त चिरते. ध्यानात ठेवा."

ती हसली. म्हाताऱ्यांना आपलं ज्ञान पाजळायची हौस असते, असं तिला वाटलं.

थप्पी मागच्या भिंतीला लागून होती, दोन पुरुष उंच, टोकं समोर करून रचलेली. लकडगंजात लट्ठ्याच्या जाड टोकाला तोंड म्हणतात. जंगल डेपोच्या हातोड्याचा छाप, नंबर, घेर, सगळं तोंडावर. त्यामुळे तिथे कुणी थप्पी मोडत बसत नाही. समोर उभं राहायचं, तोंडं मोजायची, नंबर वाचायचे, झाली मोजणी. बँकेचा माणूस असो की गिऱ्हाईक, सगळे तसंच करतात. तीन वर्षांपूर्वी कंपनीला कर्ज हवं होतं तेव्हा चारुलतानेही तसंच केलं होतं. गोविंदराव शेजारी उभे राहून नंबर पुकारत होते आणि ती टिक करत होती. मोठा लाघवी माणूस. ती बाजूने आत डोकवायला गेली तेव्हा त्यांनी तिचा हात धरून मागे घेतलं होतं. "तिकडं नोका जाऊ बेटा, साप निघते." आणि मग तर्री-पोहे मागवले होते.

"ही थप्पी कधीपासून हलली नाही?"

"पाच वर्सं झाली. गोविंदमालकाचा हुकूम होता, कोनी हात नाही लावाचा. आता गनपतमालकाचाबी तोच हुकूम हाय."

"काहून?"

"मालकाले काहून कोन विचारते?" देवराव म्हणाला. जाताना मात्र त्याने तिच्या गाडीत तांदळाचं एक पोतं ठेवलं. "एवढं भोयरबाईकडं पोचवसान काय? माह्या भावानं पारशिवनीहून धाडलं. गोविंदमालकाच्या वावरातलं हाय, तो ठेक्यानं करते. बाईले पोतंच धाडते, वावराचं नाव काढाचं नाही असं मालकानं सांगून ठेवलं होतं."

तिने मान हलवली, डिकी बंद केली, आणि हुशार माणसं करतात तो गाढवपणा केला. म्हाताऱ्याचं सगळं ऐकलं आणि त्यातलं काहीच मनावर घेतलं नाही.

३

जितेंद्र निखारे तिला रस्त्यापलीकडच्या टपरीवर भेटला. पस्तिशीचा, पुण्याची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी बापाच्या मदतीला परत आलेला. चेहऱ्यावर झोप नव्हती. चारुलताने आडवळण घेतलंच नाही.

"जितेंद्र, रायपूरची पार्टी म्हणजे तूच का?"

"मी? मॅडम, माझ्याकडे गाडीचा हप्ता द्यायचे वांधे आहेत."

"आरा मशीनचं लायसन नवं मिळत नाही. जुन्याला भाव आहे. त्याच्यासाठी कुणी फर्निचरवाला तुझ्या मागे उभा असेल."

"फर्निचरवाले येऊन गेले, खरं आहे. पण लायसन कंपनीच्या नावावर आहे. त्यांना सगळी कंपनी पाहिजे, कौसल्याकाकूंचा चतुर्थांश घेऊन ते काय करणार? आणि त्याची किंमत तुम्ही धरलीच आहे ना?"

धरली होती. पूर्ण धरली होती. चारुलताचा पहिला संशयित असा चहाच्या एका घोटात निसटला आणि तिचा चेहरा पडला.

"मग तुझी झोप कशाने उडाली?"

जितेंद्रने कप खाली ठेवला. मग त्याचा बांध फुटला. "बाबांनी घर विकलं मॅडम. आमचं सक्करदऱ्याचं घर. तलाव दिसतो गच्चीवरून. आई त्याच घरात गेली आमची. सोमवारी मीटिंग झाली, मंगळवारी त्यांनी गिऱ्हाईक पकडलं आणि मिळेल त्या भावात सौदा करून टाकला. मी विचारतो, बाबा, काहून विकून राहिले? तर भिंतीकडे तोंड करून बसतात. पाच वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली तेव्हासुद्धा घर विकलं नाही. तेव्हा दोन वर्षं त्यांनी यार्डात पाय ठेवला नव्हता, सगळं गोविंदकाका पाहत होते, पगार घरी यायचा नाही, तरी घराला हात लावला नाही. आणि आता?"

"सौदा कितीचा झाला?" तिने विचारलं.

"सत्तर लाख."

चारुलताने मनात गुणाकार केला. दहा हजार शेअर, सातशे रुपये. रायपूरला कुणी पार्टीच नव्हती. राहतं घर विकून कौसल्याबाईंना दुप्पट भाव देणारा माणूस हे गणपतराव होते. सत्तरीचे, वारकरी माळ घातलेले, हिशोबात एक पैसा इकडचा तिकडे न करणारे गणपतराव.

आणि मग दुसरा विचार आला. गणपतराव तर कंपनीचे मालक. थप्पीत सोनं दडलेलं असतं तर त्यांनी सोमवारच्या आधीच काढून घेतलं असतं. घर कशाला विकलं असतं? माणूस घर विकतो ते भीतीने. मोजणी होऊ नये म्हणून.

ती आत जास्त काय आहे ते शोधत होती. आत कमी काय आहे, हे पाहायला हवं होतं.

४

शुक्रवारी सकाळी दहाला ती कौसल्याबाईंचं अधिकारपत्र घेऊन यार्डात उभी राहिली. थप्पीसमोर जाऊन तिने पहिल्यांदाच तोंडांवरचे नंबर न वाचता नुसती तोंडं पाहिली.

ओळीने, खालपासून वरपर्यंत, जवळजवळ प्रत्येक तोंडावर केंद्रापासून सालीपर्यंत एकच मोठी आरपार फट होती. भाकरीतून कोर मोडून घ्यावी तशी.

"देवरावजी," ती कशीबशी म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी नंबर काढा."

"मॅडम, मालकाचा हुकूम..."

"तुम्ही मला काल सगळं सांगितलंत. आता काढा."

देवरावने सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली. तोंडाच्या कडेला टोक घालून त्याने नुसता हिसका दिला. लट्ठा हललाच नाही. तोंड मात्र अखंड निघून, खिळ्यांचा कर्र आवाज करत, तिच्या पायापाशी येऊन पडलं. दोन इंच जाडीची सागाची चकती. मागे पांढरट, दोऱ्यादोऱ्यांचं निलगिरीचं लाकूड, जे सेंट्रिंगवालेसुद्धा घासाघीस करून नेतात.

तिने दुसरा नंबर सांगितला. तिसरा. सातवा. प्रत्येक वेळी तेच. नव्वद लाखांचा साग म्हणून जे उभं होतं ते एकशे चाळीस मुखवटे होते. साग कधीच विकला गेला होता. कापलेली तोंडं तेवढी मागे ठेवली होती आणि ती या दरिद्री लाकडाला ठोकली होती. अख्खं लकडगंज तोंडं मोजून माल घेतं, हे ठाऊक असलेल्या माणसाचंच हे काम.

तेवढ्यात मागे काठीचा आवाज आला. गणपतराव उभे होते. त्यांनी जमिनीवरच्या चकत्या पाहिल्या, आणि इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखे ते एका लट्ठ्यावर बसले.

"कोणी केलं हे, गणपतराव?"

"म्या केलं," ते लगेच म्हणाले. "लिहून घ्या मॅडम. साग म्या इकला. फक्त वहिनीची पाच वाजता सही होऊन जाऊ द्या, मंग पोलिसात द्या का फासावर द्या."

देवराव काहीतरी बोलायला गेला. "तू चूप राह्य गा!" म्हातारा इतक्या जोरात कडाडला की आरा मशीनवरची माणसं वळून पाहू लागली.

५

गुन्हा सापडला, गुन्हेगारानं कबूलही केलं. एरवी चारुलताने घरी जाऊन निवांत जेवण केलं असतं. पण कंपनीच्या ऑफिसात बसून नवा आकडा मांडताना तिला चैन पडेना. तीनशे दहातून सव्वादोनशे गेले. राहिले पंच्याऐंशी. कौसल्याबाईंचा शेअर पंच्याऐंशी रुपयांचा.

आता चोरी नेमकी कधी झाली, हे ठरवायला हवं होतं. तिने फोनमध्ये तीन वर्षांपूर्वीचे फोटो उघडले. त्या दिवशी तिने थप्पीचे भरपूर फोटो घेतले होते, प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून. अठ्ठ्याऐंशी नंबरचं तोंड तिने बोटांनी मोठं केलं.

फट होती. तेव्हाही होती. आजच्यापेक्षा अरुंद, पण केंद्रापासून सालीपर्यंत आरपार.

म्हणजे तिने तीन वर्षांपूर्वी स्वतः उभं राहून, टिक करून, शिक्का मारून जो नव्वद लाखांचा साग बँकेला लिहून दिला होता, तो तेव्हाच तिथे नव्हता. तिने चकत्या मोजल्या होत्या. बावीस वर्षांचा अनुभव, कोथिंबिरीची जुडी उलटून पाहणारी बाई, आणि एवढी मोठी थप्पी तिने उलटून पाहिली नव्हती. शरमेने तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे उघड झालं तर तिची नोंदणी राहणार नव्हती. आणि उघड झालं नाही तर? गणपतरावांनी कबूल केलंच होतं. पाच वाजता सही झाली असती, बाईंना सत्तर लाख मिळाले असते, तो फोटो एका बोटाने पुसता आला असता. हा विचार तिच्या मनात आला, आणि चांगला दोन मिनिटं बसून राहिला, हेही इथे सांगून टाकलेलं बरं.

पण दुसरी गोष्ट तिला गप्प बसू देईना. पाच वर्षांपूर्वी बायपास, मग दोन वर्षं गणपतरावांचा यार्डात पाय नाही. जितेंद्र पुण्यात. थप्पीला हात लावू नका, हा पहिला हुकूम कुणाचा? आणि तिला हाताला धरून मागे कुणी घेतलं होतं? साप निघते म्हणून?

तिला गाडीतलं पोतं आठवलं. गोविंदमालकाच्या वावरातलं. वावर तर विकलं होतं ना? त्या पैशावर तर मुलगी डॉक्टर झाली होती. तिने फोनवर जमिनीचा सातबारा उघडला. जिल्हा नागपूर, तालुका पारशिवनी, पुढे नाव टाकलं. पाच एकर. मालक : गोविंदा सीताराम भोयर. विक्रीची एकही नोंद नाही.

पावणेपाचला गणपतराव वकिलाचे कागद घेऊन आत आले. तिने फोन त्यांच्यासमोर धरला.

"तुम्ही साग विकला नाही. गोविंदरावांनी विकला. पोरीच्या फीसाठी."

म्हाताऱ्याने सातबारा पाहिला आणि डोळे मिटले. "वावर इकाची त्याले लाज वाटली, मॅडम. बापाचं वावर. साग इकाची नाही वाटली, कारन त्याच्यात मीबी होतो. तो गेल्यावर एक गिऱ्हाईक आलं, म्हणून म्या एक लट्ठा ओढला. तोंड हातात आलं. तव्हापासून दोन वर्सं दर महिन्याले बँकेले नव्वद लाखाचा साग लिहून देऊन राहिलो. मीबी चोरच झालो का नाही?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"कोनाले सांगू? त्याच्या बायकोले? पस्तीस वर्सं ज्याच्या डब्यातली भाजी खाल्ली त्याच्या बायकोले पंच्याऐंशी रुपयानं हिशोब देऊ, आन काहून ते सांगू?" "भेवबी होता मॅडम, खोटं नाही बोलत. बँक आली असती तर पहिली बेडी माह्याच हातात. म्हटलं, घर जाऊ दे. वहिनी मोकळी होईन, थप्पी कोनी मोडनार नाही, गोविंदाचं नाव राहीन. तुमीबी वाचता मॅडम. तुमचा शिक्का आहे त्या जुन्या कागदावर. अजूनबी चूप राहा."

दार उघडंच होतं, आणि कौसल्याबाई दारात उभ्या होत्या.

किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. हातात पेन होतं, सहीसाठी घरून आणलेलं. त्या आत आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि चारुलताकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मी तुमाले पैसे देऊन ठेवलं आहे. खरं काय ते मले सांगा."

चारुलताच्या जिभेवर दोन उत्तरं होती. एकाची किंमत सत्तर लाख होती. तिने दुसरं दिलं. चकत्यांपासून सातबाऱ्यापर्यंत, काही न वगळता, आपल्या शिक्क्यासकट. बोलताना तिला बाईंच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "तुमचा शेअर पंच्याऐंशी रुपयांचा आहे, ताई. आणि माझा तीन वर्षांपूर्वीचा दाखला खोटा ठरला. बँकेला मी आजच कळवणार आहे."

बाई रडल्या नाहीत. बाहेर आरा मशीन बंद झालं आणि माणसं हातपाय धुऊ लागली.

"माह्या घरात तेच तांदूळ शिजून राहिले," त्या म्हणाल्या. "पाच वर्सं. आन म्या एकदाबी नाही विचारलं का देवरावचा भाऊ मले फुकट पोतं काहून धाडते."

गणपतराव पुढे झाले. "वहिनी, ऐका माह्यं. सही करून टाका. घराचा सौदा झालाच आहे. सत्तर लाख घ्या, पोरीचा दवाखाना होऊ द्या. पुढचं मी पाहतो."

"तुमचं घर इकून?"

"मंग काय झालं?"

"भाऊजी, एकानं तुमचा साग इकला, आन मी तुमचं घर इकू?" कौसल्याबाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. त्यांनी वकिलाचे कागद उचलले आणि उलटे करून ठेवले. "तो सौदा मोडा. बयाना वापस करून टाका. मॅडम, तुमी पंच्याऐंशी लिहा. जे हाय ते लिहा. वावर माह्या नावावर कराले किती दिवस लागतात?"

"महिना, दोन महिने. वारस म्हणून सोनिकाचीही सही लागेल."

"वावर इकून साग भरून द्याचा. बँकेले तसं सांगा. यायनं पाच वर्साआधी जे कराले पाहिजे होतं ते मी आता करतो."

गणपतराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलू लागले. चारुलताने बँकेच्या पत्राचा कागद पुढे ओढला. पहिलंच वाक्य तिने लिहिलं : माझी मोजणी चुकीची होती.

टेबलावर बाईंचा फोन वाजला. समोर सोनिकाचं नाव. बाईंनी तीन रिंग वाजू दिल्या आणि मग उचलला. पलीकडचा आवाज इतका आनंदी होता की तो खोलीभर ऐकू आला. "आई, झाली का सही? जागेवाला विचारून राहिला!"

"नाही झाली," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "सोनिका, तू घरी ये वं. तुह्या बाबानं तुह्यासाठी काय इकलं होतं, ते मले आजच समजलं. मी सांगतो तुले."